‘विकत घ्या’ म्हणायचे आणि मालकी मात्र द्यायची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीआधी लालबागच्या आमच्या खोलीतला पोटमाळा आवरताना एका खोक्यात संगणकावर खेळायच्या गेमची डीव्हीडी सापडली. २०१० साली बोनस हातात आला त्या संध्याकाळी लॅमिंग्टन रोडवरून मी ती ९९९ रुपयांना, पक्के बिल घेऊन विकत घेतली होती. त्याच रस्त्यावर पदपथावर तोच गेम शंभर रुपयांत मिळत होता आणि बरोबरचे मित्र मला वेड्यात काढत होते, हे मला लख्ख आठवते. डीव्हीडीवर एक ओरखडा नाही. आतली पुस्तिका, तिच्या मागच्या पानावर चिकटवलेली सिरीयल की (गेम चालू करायचा संकेतांक), दुकानाचा शिक्का मारलेले बिल, सगळे जागच्या जागी होते. माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्याला हा गेम दाखवावा म्हणून शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणला, गेम लॅपटॉपवर चढवला, मी एकेक अक्षर वाचत गेलो आणि त्याने ती की टाइप केली. पडद्यावर ओळ उमटली: ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.’ तीनदा प्रयत्न केला, तीनदा तेच. कंपनीला ईमेल पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आले की, या उत्पादनाची ऑनलाइन पडताळणी बंद करण्यात आली असून पर्यायी व्यवस्था उपलब्ध नाही. हा गेम एकट्याने खेळायचा आहे, खेळताना त्याला इंटरनेट लागतही नाही. तो सुरू करायला परवानगी देणारा सर्व्हर परदेशात कुठेतरी बंद केला गेला, एवढ्या एका कारणाने माझ्या हातातली धडधाकट वस्तू निकामी झाली.

पंधरा वर्षांत ९९९ रुपये केव्हाच वसूल झाले, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. पण माझ्या वडिलांनी गिरणीत असताना घेतलेला कॅरम बोर्ड आजही आमच्या चाळीच्या गॅलरीत रोज संध्याकाळी मांडला जातो. तो बनवणारा कारखाना चालू आहे की बंद पडला, हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. विकत घेणे या शब्दाचा अर्थ आपल्याकडे आजवर हाच होता: पैसे दिले, वस्तू आपली झाली, ती वापरावी, मोडावी, शेजाऱ्याला द्यावी, रद्दीत घालावी किंवा मुलाला ठेवावी. हा अर्थ कोणताही कायदा न बदलता, केवळ ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर क्लिक करून घेऊन बदलला गेला आहे, आणि त्याविषयी मराठी वर्तमानपत्रांत फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून हे पत्र.

माझा गेम ज्याने अडवला, तशा कुलपांना डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, थोडक्यात डीआरएम, म्हणतात. गेमची नक्कल होऊ नये यासाठी ती घातली जातात. जुन्या काळी कुलूप डिस्कवरच असे आणि ड्राइव्हमध्ये मूळ डिस्क असल्याशिवाय गेम चालत नसे. सेफडिस्क नावाचे असे एक कुलूप शेकडो गेमवर होते. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव त्याचा आधार काढून टाकला आणि दुकानातून घेतलेल्या अस्सल डिस्क नव्या संगणकावर चालेनाशा झाल्या. पदपथावरच्या नकलांमधले कुलूप आधीच तोडलेले असल्यामुळे त्या कुलपापायी अडल्या नाहीत. ज्याने प्रामाणिकपणे पैसे मोजले त्यालाच शिक्षा, हा या व्यवस्थेचा सर्वांत अन्यायकारक भाग आहे आणि माझ्या मते तिच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेपही तोच. पुढे इंटरनेट घरोघरी पोचले, तसे कुलूप डिस्कवरून कंपनीच्या सर्व्हरवर गेले. आता तर बहुतेक खरेदीत डिस्कच नसते; खात्यात गेमचे नाव दिसते, तेवढीच काय ती खरेदी.

याचा शेवट कुठे होतो, ते ‘द क्रू’ या गेमने जगाला दाखवले. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीच्या सर्व्हरची जोडणी लागत असे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पुढच्या काही दिवसांत ग्राहकांच्या खात्यांमधून त्याचा परवानाही काढून घेतला. ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांच्याकडे फक्त प्लॅस्टिकची चकती उरली. यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय महासंघाच्या नागरिक-पुढाकाराच्या तरतुदीखाली तिने केलेल्या मागणीला जुलै २०२५ अखेर मुदत संपेपर्यंत आवश्यक दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. मागणी माफक आहे. सर्व्हर कायम चालवा, असे कोणी म्हणत नाही; बंद करायचे त्या दिवशी गेम ग्राहकाच्या संगणकावर चालू राहील अशी सोय करून द्या, एवढेच म्हणणे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द विक्रेत्याला वापरता येत नाहीत. तो कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ पासून, स्टीम या सर्वांत मोठ्या संगणक-गेम दुकानात पैसे भरण्यापूर्वी तशी सूचना दिसू लागली. खरे बोलायला भाग पाडले, हे चांगलेच झाले. पण फसवणुकीची आगाऊ सूचना दिली म्हणून वस्तू ग्राहकाची होत नाही.

आता आपल्याकडचे पाहू. मी एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करतो आणि हा विषय मला घरच्याआधी ऑफिसात भेटला होता. परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले की, बिल चुकते करताना ‘रॉयल्टी’ म्हणून टीडीएस कापायचा की नाही, यावर आयकर खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालत. खात्याचे म्हणणे असे की, तुम्ही कॉपीराइटमधला हक्क घेतला आहे, म्हणून ही रॉयल्टी. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंजिनिअरिंग अॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स’ या प्रकरणात हा वाद मिटवला. करारात शब्द परवान्याचा असला, तरी वापरणाऱ्याला मिळते ती कॉपीराइट असलेल्या कामाची एक प्रत, आणि हा व्यवहार मालाची विक्री आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याआधी २००४ मध्ये ‘टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी ‘माल’च आहे, असे सांगितलेले होते. दोन्ही निकाल कराच्या प्रश्नावरचे आहेत आणि ते जसेच्या तसे गेमच्या ग्राहकाला लागू पडतील, असा माझा दावा नाही. विशेषतः डिस्क नसलेल्या खरेदीबाबत वाद घालायला जागा आहे. तरीही प्रश्न उरतोच. कर आकारायच्या वेळी जी वस्तू ‘माल’ असते आणि जिचा व्यवहार ‘विक्री’ असतो, तीच वस्तू ग्राहकाने हक्क सांगताच ‘परवाना’ कशी होते?

आपला कॉपीराइट कायदाही या बाबतीत समज असतो त्याहून ग्राहकाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या या कायद्याच्या कलम ५२ नुसार, संगणक-प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवू वा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. कुलूप तोडणे हा गुन्हा २०१२ च्या दुरुस्तीने, कलम ६५ अ घालून, झाला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो, आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीला त्याच कलमात मोकळीक आहे. म्हणजे माझ्या मालकीच्या डीव्हीडीचे बंद पडलेले कुलूप मी स्वतः खेळण्यासाठी उघडले, तर तो गुन्हा ठरू नये, असे मला वाचताना वाटते. अडचण अशी की, मला ते उघडता येत नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या हुशार दुरुस्तीवाल्याने मदत करायची म्हटली, तर त्याच कलमानुसार त्याने माझे नाव, पत्ता, तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. इतका जोखमीचा उद्योग दोनशे रुपयांच्या कामासाठी कोण करील?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही चांगली संकल्पना आली. सबळ कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारी अट त्यात अनुचित मानली आहे, आणि ‘आम्ही केव्हाही, कोणत्याही कारणाने सेवा बंद करू’ हे वाक्य गेमच्या अटींमध्ये हमखास सापडते. पण अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. हजार रुपयांच्या गेमसाठीही थेट राज्य आयोगापुढे जावे लागते. समोर परदेशी कंपनी, तिचा वकील, आणि इकडे रजा टाकून आलेला नोकरदार माणूस. सर्वसामान्य ग्राहक हे करणार नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे.

म्हणूनच ही जबाबदारी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने घ्यावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. एकेकट्या ग्राहकाऐवजी समस्त ग्राहकांच्या वतीने पाऊल उचलण्यासाठीच ते २०२० मध्ये स्थापन झाले, आणि संकेतस्थळांवर ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांविरुद्ध त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढलीही. परवाना देताना ‘विकत घ्या’ असे बटण दाखवणे ही चौदावी क्लृप्ती मानावी. गेमला सर्व्हर लागत असेल, तर तो किमान कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील हे किमतीशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिणे बंधनकारक करावे. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, तशी. आणि सर्व्हर बंद करताना पडताळणीचे कुलूप काढून टाकणारी अखेरची दुरुस्ती द्यावी, नाही तर पैसे परत करावेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. साधा गेम विकत घेणाऱ्याचा विचार मात्र राहून गेला.

कुलूप काढले तर चोरी वाढेल, असे कंपन्या म्हणतात. नवा गेम बाजारात आल्यावरच्या काही महिन्यांत त्यांना ही भीती वाटणे मी समजू शकतो. चार-पाच वर्षे राबून केलेले काम पहिल्याच आठवड्यात फुकट वाटले गेले, तर करणाऱ्याचे घर कसे चालेल? पण जो गेम कंपनी स्वतःच विकायचे थांबवते, त्याचे कुलूप कोणाच्या कमाईचे रक्षण करते? शिवाय कुलपाविना धंदा होतो, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जीओजी हे पोलंडमधील दुकान २००८ पासून डीआरएम नसलेले गेम विकत आहे. पैसे भरा, फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर ठेवा; उद्या दुकान बंद झाले तरी फाइल तुमची. अनेक खेळाडूंनी मिळून खेळायच्या गेमचे काम इतके सोपे नाही, हे मान्य. तेथेही ग्राहकांना स्वतःचा सर्व्हर चालवू देण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती, तेव्हा ते अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

आणखी एक गोष्ट, मराठी माणूस म्हणून. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवावी लागते, त्यांतले एक आपल्या फोर्टमधल्या टाउन हॉलमध्ये आहे. प्रकाशक बुडाला, लेखक गेला, तरी पुस्तक कुठेतरी उरते. गेमसाठी असे काहीच नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला गेम काढला आणि तो जगभर खेळला गेला. आपल्या मुलांनी केलेले असे काम पन्नास वर्षांनी कोणाला पाहता यावे, असे वाटत असेल, तर गेमच्याही कुलपाविना प्रती सार्वजनिक ग्रंथालयाकडे जमा होण्याची तरतूद आत्ताच करायला हवी.

आपल्या दैनिकाच्या ग्राहकविषयक सदरातून हा प्रश्न प्राधिकरणापुढे मांडला जावा, ही विनंती. वाचकांपैकी ज्यांचे गेम असे बंद पडले असतील, त्यांनी बिल, खोके आणि कंपनीचे उत्तर फेकून देऊ नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. नवा गेम ऑनलाइन घेताना पैसे भरण्याआधीच्या पानाचा स्क्रीनशॉट जरूर काढावा, कारण त्या पानावर ‘विकत घ्या’ असे लिहिले होते की आणखी काही, हे नंतर ग्राहकालाच सिद्ध करावे लागते. माझ्या २०१० च्या बिलावर दुकानदाराने स्वतःच्या हाताने ‘गेम १ नग’ असे लिहिले आहे. त्याची झेरॉक्स आणि कंपनीच्या ईमेलची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आपला,
एक वाचक
लालबाग, मुंबई