गर्शविनच्या शेजारी कोण होतं, तेही छापा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन क्लासिकल संगीतावरचा लेख वाचला. मराठीत या विषयावर कुणी पानभर लिहितंय याचाच आधी आनंद झाला, त्यामुळे हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही, पण एक गोष्ट खूप खटकली म्हणून लिहितोय. लेख वाचून असं वाटतं की जाझ आणि ब्लूज क्लबात पडून होते, मग जॉर्ज गर्शविन हा गोरा कंपोझर आला, त्याने ते उचलून कॉन्सर्ट हॉलमध्ये नेले आणि अमेरिकेला स्वतःचं क्लासिकल मिळालं. ज्यांचं ते संगीत होतं त्या काळ्या अमेरिकनांना सिम्फनी लिहिता येत नव्हती की काय? येत होती हो, आणि त्यांनी लिहिल्या पण, फक्त लेखात त्यातलं एकही नाव नाही.

गर्शविन मोठाच होता. 'रॅप्सडी इन ब्लू' १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली, पॉल व्हाइटमनच्या डान्स बँडबरोबर. सुरुवातीला क्लॅरिनेट खालून वर अशी घसरत जाते ना, ती जागा गर्शविनने तशी लिहिलेलीच नव्हती, कागदावर सुटे सूर होते. बँडमधला क्लॅरिनेटवाला रॉस गॉर्मन, त्याने रिहर्सलला ते सूर ओढून मींड घेतल्यासारखे वाजवले आणि गर्शविनला ते इतकं आवडलं की त्याने तसंच ठेवायला सांगितलं. आणि ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते, केलं फर्डी ग्रोफेने, तो व्हाइटमनचा अरेंजर. म्हणजे जी रचना आपण एकट्या गर्शविनच्या नावावर टाकतो तिच्यातली सगळ्यात ओळखीची जागा सुद्धा बँडमध्ये रोज वाजवणाऱ्या माणसाने दिलेली आहे.

आता विल्यम ग्रँट स्टिल बघा. हा माणूस डब्ल्यू. सी. हँडीकडे अरेंजर होता, म्हणजे ब्लूज छापून घरोघर पोचवणाऱ्या माणसाकडे, नंतर ब्रॉडवेवर 'शफल अलाँग' या संगीत नाटकाच्या ऑर्केस्ट्रात ओबो वाजवायचा, आणि त्याच सुमारास चॅडविक आणि व्हारेझ या कंपोझरांकडे कॉम्पोझिशन शिकला. त्याने 'आफ्रो-अमेरिकन सिम्फनी' लिहिली, १९३१ मध्ये रॉचेस्टरला कंडक्टर हॉवर्ड हॅन्सनने ती पहिल्यांदा सादर केली. तिची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, ऐकाच. आधी इंग्लिश हॉर्न (ओबोच्या जातीचं वाद्य) एकटाच काहीतरी गुणगुणतो आणि मग म्यूट लावून आवाज दाबलेला ट्रम्पेट मुख्य धून घेतो, आणि ती धून चक्क बारा बारचा ब्लूज आहे, म्हणजे ब्लूजचं नेहमीचं बारा मापांचं आवर्तन. वरून चिकटवलेला नाही, मूव्हमेंट मुख्यतः त्याच्यातूनच वाढते, तीच धून पुढे वेगळ्या वाद्यांवर, वेगळ्या लयीत फिरून फिरून येते. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये बँजो आहे! प्रेक्षकांना हसवायला ज्या वाद्याचा वापर करून काळ्या लोकांची टिंगल केली जायची ते वाद्य त्याने सिम्फनीत मानाने बसवलं. मला तरी गर्शविनपेक्षा हे काम जास्त धाडसाचं वाटतं.

फ्लॉरेन्स प्राइस या कंपोझर बाईचं पण तेच. १५ जून १९३३ ला शिकागो सिम्फनीने तिची ई मायनर सिम्फनी वाजवली. त्यात तिसऱ्या मूव्हमेंटला युरोपियन लोक स्केर्झो, म्हणजे चपळ खेळकर तुकडा, टाकतात तिथे तिने जुबा डान्स टाकलाय. जुबा म्हणजे गुलामांचा नाच, मांड्यांवर छातीवर थाप मारत टाळ्या वाजवत करायचा, कारण कित्येक ठिकाणी त्यांना ढोल वाजवायला बंदी होती. आणि प्राइसने त्या मूव्हमेंटमध्ये आफ्रिकन ड्रम ठेवले. हे वाचून मग ऐकलं की अंगावर काटा येतो. दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, तिने बॉस्टन सिम्फनीचा कंडक्टर कुसेवित्स्की याला पत्र लिहिलं की माझ्या वाटेत दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात थोडं निग्रो रक्त आहे. काही उपयोग झाला नाही. १९५३ मध्ये ती गेली आणि २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका मोडकळीला आलेल्या रिकाम्या घरात तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठेच्या गठ्ठे सापडले, त्यात दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो पण होते.

स्कॉट जॉप्लिन तर या सगळ्यांच्या आधीचा. रॅगटाइमचा, म्हणजे जाझच्या आधीच्या ठेकेबाज पियानो संगीताचा, राजा म्हणून सगळे ओळखतात पण त्याचा जीव अडकला होता 'ट्रीमोनिशा' या ऑपेरात. १९११ मध्ये त्याने पदरचे पैसे घालून ती छापली, १९१७ मध्ये तो गेला, आणि पूर्ण थाटात प्रयोग झाला तो १९७२ मध्ये अटलांटाला. पुलित्झर दिलं १९७६ मध्ये. त्याचा त्याला काय उपयोग सांगा.

आणि जाझचा बँडलीडर ड्यूक एलिंग्टन! १९६३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला देशाचा प्रतिनिधी म्हणून दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा तो आपल्याकडे भारतात पण येऊन वाजवून गेला. बाहेरच्या देशांना दाखवायला हेच आमचं संगीत, आणि दोनच वर्षांनी पुलित्झरच्या संगीत ज्युरीने त्याला खास गौरव द्या म्हणून शिफारस केली तर वरच्या बोर्डाने ती फेटाळली. तिघांपैकी दोन ज्युरींनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचा होता, तो म्हणाला, नशीब माझ्यावर मेहेरबान आहे, इतक्या लहान वयात मला फार प्रसिद्ध होऊ द्यायचं नाहीये त्याला. तो गौरव शेवटी १९९९ मध्ये मिळाला, तो जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

लेखकांचं म्हणणं असं की पॉप्युलर संगीताचा क्लासिकलवर 'परिणाम झाला'. मला वाटतं यात कोण देतंय आणि कोण घेतंय हे नीट सांगितलंच गेलं नाही. स्टिलवर ब्लूजचा परिणाम वगैरे झाला नव्हता, ती त्याची रोजची भाकरी होती. आरन कॉपलंड या गोऱ्या कंपोझरने विशीत जाझ वापरून बघितलं आणि मग दुसरीकडे वळला, त्याला ते जमलं. स्टिल किंवा प्राइसने तेच केलं की मात्र हे खरं क्लासिकल आहे का म्हणून प्रश्न.

माझी विनंती एवढीच की हा विषय पुढच्या रविवारी परत घ्यावा आणि या चौघांवर लिहावं. प्राइसच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिम्फनीचं फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग आहे, त्याला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते ऑनलाइन सहज ऐकायला मिळतं, लेखाखाली नाव दिलंत तरी वाचक शोधून ऐकतील. आणि मुंबईत एनसीपीएला आपला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांच्यापर्यंत आपल्या पेपरचा शब्द पोचत असेल तर स्टिलची ती सिम्फनी एकदा लावा म्हणावं, बँजोवाला लागेल तेवढा.

आपला एक वाचक,
पुणे