उशी हातात देणाऱ्यांचे आभार
छातीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री खोकला आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ड्युटीवरच्या सिस्टर धावत आल्या, उशी छातीशी दिली. "घट्ट दाबून धरा, मग खोका." दुखलं, पण निम्मंच. कळ सोसण्यात मर्दुमकी नाही, हेही त्यांनीच सुनावलं. दुखतं म्हणून वरवर श्वास घेतला तर कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गोळी वेळेवर, कळ चढायच्या आधीच. '0 ते 10 मध्ये किती दुखतंय?' यावर मी खोटंच 3 सांगायचो (त्यांना कळायचं!). फिजिओथेरपीच्या ताईंनी तर श्वासाच्या यंत्रातला (खोल श्वास आत ओढला की त्यातले चेंडू वर चढतात) तिसरा चेंडू वर जाईपर्यंत पिच्छा सोडला नाही. नावं विचारायची राहूनच गेली. दोघींचे मनापासून आभार. उशी अजून जवळच असते.