रिपीटर शेवटच्या खोलीत लावू नका

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी शहापूरची. तुमचा पेपर आमच्याकडं सासऱ्यांच्या काळापासून येतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. विषय घरातल्या वायफायचा आहे. काहींना वाटेल हा काय पेपरात लिहायचा विषय, खरं आमच्या गल्लीत निम्म्या घरात याच्यावरून रोज कटकट चालू असते आणि लोकांचे हजार-दीड हजार रुपये उगीच जाऊलालेत, म्हणून लिहिते.

आमची घरं कशी आहेत ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको. रस्त्याला तोंड बारा-तेरा फुटाचं आणि आत गेलं की गेलंच, सोपा, माजघर, सैपाकघर, न्हाणी, मग थोडी मोकळी जागा आणि तिच्या पलीकडं परसातली खोली. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, जुन्या गल्ल्यांत सगळीकडं हेच. भिंती जुन्या दगडमातीच्या, दीड-दीड हात जाड. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आम्ही त्या पाडल्या नाहीत, खरं त्याच भिंती वायफाय अडवतात. माझी मुलगी पीयू सेकंड इयरला, म्हणजे बारावीला आहे, सीईटीची तयारी करते, क्लास ऑनलाइन असतो संध्याकाळी सहा ते आठ, आणि तिला अभ्यासाला शांत जागा एकच, ती परसातली खोली.

फायबरचं कनेक्शन घेतलं त्यादिवशी जो मुलगा आला त्यानं खांबावरून वायर आणली, दाराच्या वर मीटर बोर्डाजवळ भोक पाडलं आणि वायफायचा डबा, म्हणजे राऊटर, तिथंच ठोकला. मी म्हटलं, बाबा जरा आत घे की, माजघरात लाव. तो म्हणाला, "अक्का, वायर इथपर्यंतच येतंय." दहा-पंधरा मीटर वायर जास्त लागली असती, मी पैसे द्यायला तयार होते, खरं त्याला पुढं आणखी तीन घरं होती, तो निघाला. आता डबा दाराच्या वर म्हटल्यावर त्याचा अर्धा सिग्नल रस्त्यावर, समोरच्याच्या खिडकीत आणि उरलेला आमच्याकडं. त्यात सोप्यात त्याच्या अगदी खालीच लोखंडी कपाट, आणि लोखंडातून सिग्नल जात नाही. पहिल्या आठवड्यातच मुलगी आतून ओरडायला लागली, "आई, सर बोलूलालेत खरं आवाजच येईना." शेवटी ती वह्या घेऊन सोप्यात येऊन बसायची, बाहेर टू व्हीलरचे हॉर्न, आत आल्या-गेल्याची वर्दळ, सासूबाईंची सिरीयल. दोन महिने असे काढले.

मग बाजारातल्या एका दुकानात गेले. त्यांनी रिपीटर दिला, वायफाय पुढं नेणारा, भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा छोटा डबा, दोन कान असलेला. विचारलं कुठं लावू, तर म्हणाले, जिथं रेंज नाही तिथं लावा. घरी येऊन मुलीच्या खोलीत लावला. मोबाईलवर लगेच वायफायच्या सगळ्या कांड्या भरल्या, आम्ही खूश. आणि व्हिडिओ उघडला तर नुसतं गोल गोल फिरतंय. दुकानात परत गेले तर म्हणे तुमची कंपनी स्लो आहे, कंपनीला फोन केला तर म्हणे इथून स्पीड बरोबर आहे, रिपीटर खराब असेल. असं आठ दिवस चाललं.

माझा भाचा हुबळीला इंजिनिअरिंग करतो, तो सुट्टीला आला तेव्हा कळलं की कंपनी स्लो नव्हती आणि डबाही खराब नव्हता. त्यानं मोबाईलमध्ये एक फुकटचं अॅप टाकलं, त्यात सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो, डीबीएम या मापात, उण्यात असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. रिपीटर बंद करून आम्ही दोघं मोबाईल हातात धरून दारापासून मागल्या दारापर्यंत चालत गेलो. डब्याखाली उणे ३८. माजघराचा उंबरा ओलांडला, उणे ५८. सैपाकघराच्या दारात ६३, आत फ्रीजच्या मागं ७४, आणि परसातल्या खोलीत उणे ८६. त्यानं सांगितलं व्हिडिओ क्लासला साधारण उणे ६७ पर्यंत ठीक, ऐंशीच्या पुढं गेलं की काही खरं नाही. आणि हे आकडे किराणाच्या बिलासारखे नसतात, तीननं उतरला की ताकद निम्मी होते, दहानं उतरला की दहावा हिस्सा राहतो. म्हणजे मुलीच्या खोलीत जे पोचत होतं ते मावळतीच्या उजेडासारखं होतं, आणि आम्ही रिपीटर नेमका तिथं लावला होता.

मला इथंच सगळ्यांना सांगायचंय. रिपीटर स्वतः नेट तयार करत नाही. त्याला जे ऐकू येतं तेच तो पुढं मोठ्यानं बोलतो. त्याला अर्धवट ऐकू आलं तर तो अर्धवटच बोलणार, कितीही मोठ्यानं बोलू दे. आणि मोबाईलवर ज्या कांड्या दिसतात त्या तुमच्या मोबाईलपासून रिपीटरपर्यंतच्या, रिपीटरला मूळ डब्याकडून काय मिळतंय ते त्यात दिसतच नाही. म्हणून कांड्या फुल्ल आणि नेट बंद. ही गोष्ट ना दुकानदारानं सांगितली ना बॉक्समधल्या कागदावर आम्हाला वाचता आली, कारण तो कागद इंग्रजी आणि चिनीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

भाच्यानं रिपीटर काढला आणि सैपाकघराच्या दारातल्या प्लगला लावला, जिथं ६३ होतं. मूळ डब्यापासून साधारण अर्ध्या वाटेवर. कपाट सरकवलं. बस. मुलीच्या खोलीत आधी दोन एमबीपीएस स्पीड पण मिळत नव्हता, आता २० ते २२ मिळतो. सोप्यात ८०-९० असतं, मग आत एवढंच का, असं मी विचारलं, तर भाचा म्हणाला, असे स्वस्तातले रिपीटर एकाच रेडिओवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या-देणाऱ्या एकाच भागावर ऐकतात आणि त्याच रेडिओवर बोलतात, एका वेळी एकच काम, त्यामुळं स्पीड निम्मा तरी होतोच, ती त्याची जातच आहे. दोन बँडवाले, म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांवर चालणारे येतात, मूळ डब्याकडून ५ गिगाहर्ट्झवर घेतात आणि पुढं २.४ वर देतात, त्यात एवढा तोटा नाही, खरं ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी जाड भिंतीत लवकर दमतं, आमच्यासारख्या घरात २.४ च जास्त आत जातं. एका क्लासला चार-पाच एमबीपीएस पुरतं, आमचं भागलं.

आणखी एक अडचण आली ती म्हणजे लाईट. मूळ डबा इन्व्हर्टरवर आहे, सैपाकघराच्या दारातला प्लग नव्हता, लाईट गेली की सोप्यात नेट चालू आणि आत अंधार. वायरमनला बोलावून तो प्लग इन्व्हर्टरवर घेतला, तीनशे रुपये गेले. रिपीटर घेताना हे आधीच बघून ठेवा.

गल्लीचा अजून एक प्रश्न आहे. आमची घरं भिंतीला भिंत लावून. मुलीच्या मोबाईलवर वायफायची यादी उघडली तर एकोणीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना धक्का न लागणारे चॅनल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि एकोणीस डबे त्याच्यात कोंबलेले. प्रत्येकानं आणखी एकेक रिपीटर लावला की सगळेच एकमेकांचं ऐकत थांबणार. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी रिपीटरच्या आधी वायरचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या भावानं येळ्ळूरला तेच केलं. घर पुढं आणि मागं गोठ्याच्या बाजूला नवीन खोली काढली, मधे तीस-पस्तीस मीटर. त्यानं लॅन केबल टाकली, बाहेर वापरायची जाड काळी, पाइपमधून. ती १०० मीटरपर्यंत चालते. आणि दुसऱ्या टोकाला घरातला जुना पडून असलेला राऊटर लावला. त्याच्यात डीएचसीपी म्हणून एक सेटिंग असतं, जोडलेल्या प्रत्येक मोबाईलला नेटवर्कमधला पत्ता वाटणारं, ते बंद करायचं, त्याचा पत्ता मूळ डब्यापेक्षा वेगळा द्यायचा आणि केबल लॅनच्या भोकात घालायची, वॅनच्या नाही. मागच्या खोलीत त्याला पुढच्याइतकाच स्पीड मिळतो, निम्मा होत नाही. खर्च फक्त केबलचा. आमच्याकडं शेजाऱ्यांशी सामाईक भिंती मधे येतात, भोक पाडायला शेजारी तयार नाहीत, नाहीतर मी पण तेच केलं असतं.

खानापूरकडच्या लोकांसाठी एक वेगळं सांगते कारण माझी नणंद जांबोटीच्या पुढं दिली आहे आणि तिनं मला विचारलं, असा डबा लावला की मोबाईलला टॉवर येईल का. नाही येणार. वायफायचा रिपीटर घरात आधीच असलेलं वायफायच पुढं नेतो. मोबाईलची रेंज वाढवणारे बूस्टर वेगळे असतात, छपरावर अँटेना लावायचे, आणि ते परवानगीशिवाय विकणं, लावणं आपल्याकडं बेकायदा आहे, कारण ते टॉवरच्याच कामात अडथळा आणतात आणि सगळ्या गावाची रेंज बिघडते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला २००५ पासून परवाना लागत नाही, बूस्टरचं तसं नाही. जंगलाकडच्या गावातल्या माणसाला रेंजची किती गरज आहे मला कळतं, पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडं रस्ता बंद झाला की फोन हाच एक आधार. खरं त्यासाठी मागणी टॉवरची करायला पाहिजे, डब्याच्या नादी लागून पैसे घालवू नयेत.

आता माझं मागणं. एक, कनेक्शन द्यायला येणाऱ्यांनी डबा ठोकायच्या आधी घरात शेवटपर्यंत एकदा चालत जावं आणि घरच्यांना विचारावं कोण कुठं बसतं. जादा वायरचे पैसे घ्या, आम्ही देतो. दुसरं, दुकानदारांनी रिपीटर देताना "जिथं रेंज नाही तिथं लावा" हे सांगणं बंद करावं आणि बॉक्ससोबत मराठीत आणि कन्नडमध्ये एक साधा कागद द्यावा, झेरॉक्स काढून दिला तरी चालेल. आणि संपादक साहेब, तुम्ही रविवारच्या अंकात आमच्यासारख्या लांबट घराचं एक चित्र छापा, डबा कुठं, रिपीटर कुठं, बाण काढून. पेपरातलं चित्र लोक कापून ठेवतात, आमच्या सासूबाई अजून ठेवतात.

मुलगी आता परसातल्या खोलीतच बसते. काल क्लास संपेपर्यंत दार एकदाही उघडलं नाही.

आपली,
एक वाचक
शहापूर, बेळगाव