सहाव्या चौकातून, अक्कास

आदरणीय अक्का,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असे उघड्यावर लिहीत आहे. तुझी दहावीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात तुझे लग्न झाले. सासर कर्नाटकच्या सीमेकडे कुठेतरी आहे, एवढेच आजीने सांगितले होते. आता आडनाव बदललेले असणार, आणि मोबाईलवर शोधायला जावे तर तुझ्या नावाच्या बायका आपल्या एका कळंब तालुक्यातच शंभर निघतील. (सोळाव्या वर्षी तुझे लग्न झाले हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही, पण तो या पत्राचा विषय नव्हे.) सुरुवातीला ‘तुम्ही’ असे लिहून पाहिले होते. ते इतके परके वाटू लागले की खोडले. शाळेत आम्ही सगळ्याजणी तुला ‘अक्का’ आणि ‘तू’च म्हणत होतो, तेच येथेही ठेवते.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हा मी डेपोच्या विश्रांतिगृहात एका पायातला बूट काढून मोबाईलसमोर बसले होते. मी एसटीत वाहक आहे. मॅटवर आणि दिव्यांच्या झगमगाटात तो खेळ ओळखूच येईना. पण एकीने धावत येऊन बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात टेकवला, ‘खो’ असा आवाज झाला, आणि माझ्या पाठीत काहीतरी हलले. त्या रात्री ठरवले की वीस वर्षे तोंडातल्या तोंडात राहिलेले आभार आता लिहून टाकायचे. बोलून सांगायचे म्हटले असते तर किती वेळ लागला असता, हे तुला माहीतच आहे.

मी तुझ्या शाळेत आले ते २००४ च्या जूनमध्ये, आठवीला. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच होती. आई-बापू दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि पाडव्याच्या सुमारास परतत. तेवढे महिने मी आजीजवळ राहत असे. मी बोलताना अडखळत असे, म्हणजे आजही अडखळते. आजीने वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिले, पोपटाने टोकरलेले पेरू खाऊ घातले (पेरूंबद्दल माझी तक्रार नव्हती), देवीला नवस बोलली. हजेरी घेताना माझा क्रमांक जवळ येऊ लागला की घसा आवळत जाई, आणि ‘हजर’मधला ‘ह’ बाहेर पडेपर्यंत गुरुजी पुढच्या नावावर गेलेले असत. पहिल्या महिन्यात मी वर्गात बसूनही कितीतरी दिवस गैरहजर होते. मागच्या बाकांवरून ‘ह-ह-ह’ असा कोरस सुरू होई. महिनाभरात माझे नाव ‘कॅसेट’ पडले, कारण टेपमध्ये कॅसेट अडकली की असाच आवाज येतो. दप्तरात उसाची चिपाडे कोंबणे, मी पाणी प्यायला गेले की टाकीवरून सगळ्यांनी एकदम उठून जाणे, असले प्रकार रोजचेच झाले होते आणि त्यांची यादी करण्यात मला आता रस नाही. सर्वांत जास्त काय लागले असेल तर तो एक आरोप. प्रार्थना आणि प्रतिज्ञा मी सगळ्यांबरोबर घडघड म्हणत असे, म्हणून सगळे म्हणू लागले की ही नाटकं करते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मलाच कधी कधी वाटे की मी खरोखर नाटक करत असेन.

मधल्या सुट्टीत मी मैदानाकडेच्या लिंबाखाली एकटी भाकरी खात असे. पोळा होऊन गेल्यावरचा तो दिवस असावा. तुमच्या खो-खोच्या संघातल्या एकीचा पाय मुरगळला होता आणि सरावाला एक गडी कमी पडत होता. तू लांबूनच हाक मारलीस, ‘ए पोरी, हितं ये. तुला निस्तं बसायचंय.’ नाव विचारले नाहीस. नाव विचारले असते, तर मी तेथून पळून गेले असते. मी येऊन सहाव्या चौकात बसले. शाळेत आल्यापासून मला कोणीतरी बसायला जागा दिली होती, आणि त्या बदल्यात काहीच बोलून दाखवायचे नव्हते.

खो-खो न खेळलेल्या वाचकांसाठी एक-दोन वाक्ये लिहिते. दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ जणी आठ चौकांत बसतात, एकीचे तोंड एका बाजूला तर शेजारणीचे दुसऱ्या बाजूला, आणि नववी पाठलाग करते. दमली किंवा डाव साधायचा असला की ती बसलेल्या एकीच्या मागे येऊन पाठीवर हात लावते आणि ‘खो’ म्हणते. हात आणि शब्द एकाच वेळी यावे लागतात, शब्द सर्वांना ऐकू जाईल इतका मोठा असावा लागतो, आणि तो मिळाल्याशिवाय बसलेलीने उठायचे नसते. एका अक्षराचाच काय तो शब्द. दहा-बारा दिवसांनी मला पाठलागाला सोडलेत, मी जीव खाऊन धावले, आठव्या चौकातल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते एक अक्षर आले नाही. ओठ उघडे, हात पाठीवर, पुढून पळणारी कधीच निसटलेली, आणि मैदानाकडेला हसण्याचा लोंढा.

तू हसणाऱ्यांना रागावली नाहीस. रागावली असतीस तर दुसऱ्या दिवशी दुप्पट हसू आले असते, हे तुला कसे कळले होते कोण जाणे. तू मला बाजूला घेतलेस आणि विचारलेस, ‘प्रार्थनेला तर तू आडकत न्हाईस, व्हय का न्हाई?’ ज्या गोष्टीवरून सारा वर्ग मला खोटी ठरवत होता, तीच गोष्ट तू निराळ्या कानांनी ऐकली होतीस. मग तू हुकूम काढलास की सरावात ही धावू लागली की बसलेल्या आठही जणींनी हिच्याबरोबर ‘खो’ म्हणायचे. पोरी कुरकुरल्या. एक म्हणाली की आपण काय भजनी मंडळ आहोत का! पण त्या संध्याकाळी आठ गळ्यांच्या आवाजात माझा नववा आवाज सहज निघाला, आणि मी जिच्या पाठीवर हात ठेवला होता ती ताडकन उठून पळाली. माझ्या शब्दावर कोणीतरी उठून धावले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढे लातूरला एका वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवले तेव्हा त्यांनी सांगितले की गाताना किंवा अनेकांच्या सुरात सूर मिसळून बोलताना अडखळणे बहुतेकांचे जवळजवळ थांबते, शंभरातल्या साधारण एका माणसाला हा त्रास असतो, आणि तो भित्रेपणाने किंवा नाटकीपणाने होत नाही. ते सगळे त्यांनी पुस्तकांतून शिकले होते. तू दहावीतली मुलगी, तुला ते मैदानावर बसल्या बसल्या सुचले, आणि त्याहून शहाणपणाचे हे की तू तो आधार हळूहळू काढून घेतलास. आठांच्या चार जणी झाल्या, चारांच्या दोन. शेवटी सातव्या चौकातून फक्त तुझा आवाज यायचा, तोही दबका. आपली तोंडे उलट बाजूंना असल्यामुळे खेळात तुझा चेहरा मला कधी दिसला नाही, म्हणून तुझी आठवण मला आवाजाचीच आहे. उरलेल्या दोघींतली दुसरी कोण होती, आठवते? पाचव्या चौकातली, माझी सर्वांत हुबेहूब नक्कल करणारी. तिने कधी माफी मागितली नाही. पण दुसऱ्या वर्गातल्या पोराने मला ‘कॅसेट’ म्हटले तेव्हा तिने त्याचे दप्तर विहिरीत टाकायची धमकी दिली, आणि तेवढ्यावर माझा हिशेब मिटला.

आणि ती येळवस! आपल्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावात माणूस उरत नाही, सगळे रानात जातात. आई-बापू फडावर आणि आम्हांला रान नाही, म्हणून आजी आणि मी दार ओढून बसलो होतो. तू भावाच्या सायकलवर चार किलोमीटर आलीस आणि दारातूनच म्हणालीस, ‘आज्जे, हिला घिऊन चालले, तुमीबी चला.’ तुमच्या रानातली कडब्याची कोप म्हणजे खोपटे, आत चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबिल. तुझ्या आईने मला पाहुणीसारखे पाटावर न बसवता सरळ आंबिलीचा तांब्या हातात दिला आणि वाढायला लावले. सगळे ‘ओलगे ओलगे’ अशी आरोळी देत पिकावर आंबिल शिंपडत फिरले, त्यांच्याबरोबर मीही ओरडले, आणि शब्द कुठेच अडला नाही. त्या कोपीत बसून मला आई-बापूंची कोपी आठवली. तुमच्या लक्ष्मीसाठी एका दिवसाची, त्यांची सहा महिन्यांची, शब्द मात्र एकच. मी रडले ते त्यामुळे. तुझ्या आईला वाटले भज्जी तिखट झाली, आणि तिने ताक आणून दिले. संध्याकाळी हेंडगा म्हणजे गवताची मशाल पेटवून तुझा भाऊ पिकाभोवती धावला. त्याच्या मागे आपण सगळ्या होतो.

तालुक्याच्या स्पर्धेत आपण हरलो, आणि त्यात माझा वाटा होता. दुसऱ्या पाळीत माझा एक ‘खो’ अडला आणि बाद होणारी मुलगी सुटली. परतीच्या जीपमध्ये मी तोंड लपवून बसले होते. तू शेजारी येऊन बसलीस आणि भाजलेल्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत राहिलीस, गाव येईपर्यंत. सामन्याविषयी तू ना त्या दिवशी काही बोललीस, ना नंतर.

आपल्या मैदानावर रेषा आखायची पांढरी फक्की टाकायला एक पोरगा यायचा, रेषा कधीच सरळ न काढणारा. तू गेल्यावर, मी दहावीला असताना, त्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर देईपर्यंत फक्कीची पाटी हातात घेऊन उभा राहिला. माझे वाक्य त्याने मध्येच पुरे केले नाही. आज तो माझा नवरा आहे आणि या पत्राचे ऱ्हस्व-दीर्घ शेजारी बसून तोच तपासतो आहे. म्हणजे त्याचेही थोडे आभार तुझ्याच खात्यावर लिहावे लागतील; ते मैदान नसते, तर त्याने मला पाहिले असते तरी ऐकले नसते.

२०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या खो-खोपटू सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा अर्ध्या रिकाम्या गाडीत मी तीन अनोळखी प्रवाशांना उगाचच सांगितले की मीसुद्धा खो-खो खेळले आहे. सांगताना ‘खो’वर दोनदा अडले. ते तिघे थांबले. ‘तिकीट’ हा शब्द मला अजूनही जड जातो, म्हणून मी ‘कुठं जायचं?’ असे विचारते. त्यातला ‘क’ बरा आहे.

माझी फेरी बहुतेक कळंब–लातूर अशी असते. माहेरी येशील तेव्हा कधीतरी या गाडीत चढशील, आणि मी तुला चेहऱ्याने ओळखणार नाही, पण तू ‘एक लातूर’ म्हणालीस की ओळखीन. गाडी भरलेली असली तर माझी जागा आहेच. बोलायची घाई नाही. तुला निस्तं बसायचंय.

तुझी,
सहाव्या चौकातली