काका, आईचे चोवीस हजार आले

आदरणीय काका,
शि. सा. न.

आईच्या खात्यात आयकराच्या रिफंडचे, म्हणजे जादा कापलेल्या कराच्या परताव्याचे, २४,००० रुपये आणि वर थोडं व्याज जमा झालं. ती स्वतः तुमच्याकडे येणारच आहे. पण रिटर्न भरून दिल्याच्या फीचं नाव काढलं की तुम्ही लगेच सेव-उसळीवर विषय नेता, समोरासमोर आभार मानूच देत नाही. म्हणून हे असं, चार लोकांच्या देखत.

बाबा गेल्यापासून आईचं दोनच गोष्टींवर चालतं: महिना २८,००० ची फॅमिली पेन्शन आणि मुदत ठेवींचं व्याज, वर्षाला २,४०,०००. त्या व्याजातून बँक दहा टक्के टीडीएस, म्हणजे हातात पडण्याआधीच घेतलेला आयकर, कापत होती. आईच्या लेखी ते पैसे गेले ते गेले. तुम्ही आधी २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा आयकर विभागाकडचा उतारा, काढून कापलेली रक्कम तिला दाखवलीत आणि मग वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडलात. तो कागद मी जपून ठेवलाय. २०२४-२५ चं पेन्शन आणि व्याज मिळून ५,७६,०००. आयकर मोजायच्या नव्या आणि जुन्या अशा दोन पद्धती, त्यातली आपण निवडायची; नव्या पद्धतीत फॅमिली पेन्शनमधून २५,००० वजा, उरले ५,५१,०००. पहिल्या तीन लाखांवर काही नाही, पुढच्या २,५१,००० वर पाच टक्के, म्हणजे १२,५५० कर. त्याच्यासमोर तुम्ही लाल पेनने लिहिलंत: ८७ए, म्हणजे करमाफीचं कलम. माणूस भारतात राहणारा आणि उत्पन्न सात लाखांच्या आत, तर २५,००० पर्यंतचा कर माफ. १२,५५० वर काट मारलीत आणि खाली शून्य. "कर शून्य, कापलेत चोवीस हजार. मग ते कुणाचे, वहिनी?" आई म्हणाली, "माझे." "पण घरी आणून कोणी देणार नाही, रिटर्न भरून मागावे लागतील."

जुन्या पद्धतीचा हिशेबही तुम्ही करून दाखवलात, तो मला जास्त आवडला. पेन्शनमधून १५,०००, ज्येष्ठांच्या व्याजाची ८०टीटीबी कलमाखाली ५०,००० वजावट, तरी राहतात ५,११,०००. तिथे माफीची हद्द पाच लाखांची. अकरा हजारांनी हद्द ओलांडली की माफी अख्खी जाते, आणि उपकरासकट १२,६८८ रुपये भरा!

हे अकरा हजारच रिटर्न भरून देणारा एक एजंट 'ॲडजस्ट' करणार होता. "राजकीय पक्षाला देणगी दिल्याचं दाखवू मासी, पूर्ण रिफंड आणून देतो, त्यातले दहा टक्के माझे." आई जवळजवळ तयार झाली होती. खोटी देणगी दाखवूनही चोवीसच मिळणार होते आणि काही न दाखवताही चोवीसच, फक्त त्याने नव्या पद्धतीचा हिशेब केलाच नव्हता. २०२५ च्या जुलैत आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपास केला, त्यात आपलं गुजरातही होतं. ती बातमी वाचून आईने देवापुढे साखर ठेवली. माझ्या मते ती तुमच्यापुढे ठेवायला हवी होती.

आणि ते 'बेन' प्रकरण! पॅनकार्डावर आईचं साधं नाव, पासबुकात इथल्या रिवाजाप्रमाणे पुढे 'बेन' जोडलेलं. आयकराच्या पोर्टलवर खातं प्री-व्हॅलिडेट होईना, म्हणजे ते तिचंच आहे याची खात्री पटेना. खातं व्हॅलिडेट झाल्याशिवाय रिफंड येत नाही हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही तिच्याबरोबर बँकेत जाऊन केवायसीचा फॉर्म भरवलात, नाव दुरुस्त झालं आणि मगच रिटर्न भरलंत. ओटीपी टाकून व्हेरिफाय करेपर्यंत तुम्ही आम्हाला उठू दिलं नाही, कारण तीस दिवसांत ते झालं नाही तर भरलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरतात. रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढल्यावर आई निवांत झाली होती, तुम्ही नाही झालात. रिफंडवर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, आणि ते पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरायचं असतं, हेही तुम्ही तिच्या डायरीत लिहायला लावलंत. तिने लिहिलंय, तारखेसकट.

२०२५-२६ चा १५एच फॉर्मही, म्हणजे 'माझ्यावर कर बसत नाही, टीडीएस कापू नका' असं ज्येष्ठांनी लिहून द्यायचा कागद, तुम्ही तेव्हाच बँकेत दिलात. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांना लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही, पण आईचं व्याज त्याहून जास्त, म्हणून फॉर्म हवाच, आणि तोही दरवर्षी नव्याने. मागून परत घेण्यापेक्षा कापूच न देणं बरं, हे तिला फार पटलंय.

माझ्यापुरतं एक राहिलं. "आता बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?" असं मी बेधडक विचारलं होतं. तुम्ही समजावलंत: २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत ६०,००० ची माफी आहे, पगारदाराला ७५,००० ची वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, पण करमुक्त हद्द चार लाखांचीच. त्यापुढे रिटर्न भरायचंच. आणि शेअर्सच्या नफ्यावर ज्या वेगळ्या दराने कर लागतो, त्याला ही माफी नाही. हे ऐकून मी माझा शेअर्सचा हिशेब वेगळा काढून ठेवलाय. दादानेही कॅनडातून विचारलं होतं. त्याला म्हटलं, तू अनिवासी, तुला ही माफी नाही. तो थोडा रुसलाय.

समोरच्या मामींचंही व्याजावर कापलं गेलंय आणि त्यांच्याही पासबुकात 'बेन' आहे. रविवारी सकाळी त्यांना घेऊन येते. त्यांचं पॅन, आधार आणि पासबुक मी आधीच एका पिशवीत भरून ठेवलंय. सेव-उसळ या वेळी आमच्याकडून, आणि त्यावर तुमचं काही ऐकणार नाही.

आपली,
आईची धाकटी