बदली होऊन गेलेल्या नेत्र विभागाच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी भाच्याच्या डोळ्याचं प्रेशर बघायला ग्रामीण रुग्णालयात आलो, तर तुमच्या खुर्चीवर नवे सर. केसपेपर पुढे सरकवला आणि मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "जत्रेतला छर्रा ना? मॅडमनी वहीत लिहून ठेवलंय." तुमची बदली झाल्याचं असं कळलं. निरोप घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण आमच्यासारखं "आता बरं झालं" म्हणून घरी बसणारे आणखी असतील.

२०१९ च्या माघातली जत्रा. भाचा ११ वर्षांचा. फुगे फोडायच्या स्टॉलवर त्याला मीच नेलं, पैसे मीच दिले (ताई हे अजून विसरू देत नाही). स्टॉलवाल्याने हवेच्या बंदुकीची नळी खाली वाकवून छर्रा भरला, नळी खटकन बंद केली आणि चापाला कुणाचं बोट लागलेलं नसताना बार उडाला. छर्रा टेबलाच्या लोखंडी पायावर आपटून उलटला तो थेट पोराच्या उजव्या डोळ्यावर. मागाहून कळलं, चाप ओढेपर्यंत स्प्रिंग अडवून धरणारी आतली खिट्टी झिजली होती. स्प्रिंग नवी घातलेली, खिट्टी जुनीच. ४.५ मिलिमीटरच्या असल्या कमी ताकदीच्या बंदुकीला परवाना लागत नाही. ती कुणी कधी उघडून बघितली असेल असं मला वाटत नाही.

गर्दीत कुणी डोळ्यात दूध घाला म्हणत होतं, कुणी गुलाबपाणी. त्या गर्दीतून तुम्ही पुढे होऊन त्याचा चोळणारा हात धरलात, चहाचा कागदी कप उपडा करून डोळ्यावर चिकटवलात आणि आम्हाला जिल्ह्याला पाठवलंत. तिथे एक्स-रे झाला. छर्रा आत नव्हता, डोळा फुटला नव्हता. पण काळ्या भागाच्या खालच्या कडेला रक्ताची लाल चंद्रकोर साचली होती.

परत आल्यावर तुम्ही विचारलेला एक प्रश्न अजून आठवतो. "घरात कुणाला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का?" मला कळेना, याचा काय संबंध. आजोबांच्या डब्यात अ‍ॅस्पिरिन होती आणि आजी दुखण्यावर त्याच डब्यातली गोळी काढून द्यायची. त्या गोळीने रक्त पातळ होतं, डोळ्यातलं पुन्हा सुटलं असतं. पहिले चार-पाच दिवस त्याच भीतीचे, म्हणून उशाला दोन उशा, पळायचं नाही, वाकायचं नाही, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. पोराला पाच दिवस एका जागी बसवणं म्हणजे काय, ते ताईला विचारा.

आठवड्यात रक्त विरलं. दिसायला लागलं. आम्ही जिल्ह्याच्या डॉक्टरांना पेढे नेले. तुम्हाला त्यातलेच उरलेले दोन दिले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

आमच्या लेखी विषय संपला होता. महिन्याने तुम्ही फोन करून पुन्हा जिल्ह्याला पाठवलंत. तिथे डोळ्यावर आरशाचं भिंग लावून तपासलं, तेव्हा समजलं की डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) जिथून निचरतं तो कोपरा मारामुळे मागे फाटलाय. मला ते समजावताना तुम्ही केसपेपरच्या मागे शेताची चारी काढलीत. "तोंडाशी माती ढासळली की पाणी लगेच तुंबत नाही. दोन वर्षांनी तुंबेल, दहा वर्षांनी तुंबेल, कदाचित कधीच नाही. तुंबलं तरी त्याला दुखणार नाही, डोळा लाल होणार नाही, समोरचं नीट दिसेल. आत नस मात्र वाळत जाईल. दुखत नाही ना? म्हणूनच यायचं."

मग पाणी तुंबून डोळ्याचं प्रेशर वाढलंय का, ते मोजायचं हवा मारणारं यंत्र. हनुवटी टेकवायची आणि डोळ्यावर फुस्स. बंदुकीने ज्याच्या डोळ्याला मार बसला होता, तो हवेसमोर कसा बसेल? पहिल्या वेळी तो टेबलाखाली शिरला. तुम्ही बाहेरची रांग थांबवून त्याचा तळहात यंत्रापुढे धरलात. फुस्स. मग स्वतःचा. फुस्स. मग माझा. चौथ्या वेळी त्याने स्वतःच हनुवटी टेकवली.

लॉकडाऊनमध्ये आमच्या दोन तपासण्या बुडाल्या. आम्ही विसरलो होतो, खोटं कशाला सांगू. २०२१ मध्ये तुमचा फोन आला, "वहीत नाव लाल पेनाने आलंय, या." त्या दिवशी डाव्या डोळ्याचं प्रेशर १५, उजव्याचं २८. २१ च्या वर नको असतं, हे तोवर मलाही पाठ झालं होतं. पोरगा मात्र बाहेर बाकावर मोबाईलमधला बारीक टाइप सहज वाचत बसला होता. मोठ्या डॉक्टरांनी दमा नाही ना, एवढं विचारून सकाळ-संध्याकाळचा ड्रॉप सुरू केला. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा, हे तुम्ही शिकवलेलं तो अजून करतो. ठिपके दिसले की बटण दाबायची ती तपासणी दरवर्षी होते. आजवर कुठे काळा डाग आलेला नाही. उजवी बाहुली तेवढी थोडी मोठी राहिलीय. उन्हात डोळा दिपतो, म्हणून टोपी.

स्टॉलवाला नंतर दोनदा दवाखान्यात येऊन गेला होता, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा त्याच्या अंगावर गेलो होतो. गेल्या जत्रेत त्याच्या टेबलामागे पत्र्याऐवजी जाड गोधड्या लावलेल्या दिसल्या आणि पोरांना दोरीच्या अलीकडे उभं केलेलं. खिट्टी बदलली का, ते विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या वेळी विचारेन.

भाचा जूनमध्ये कॉलेजला पुण्याला जातोय. नव्या सरांनी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या. तुमच्या हातची ती चारीही त्यात आली आहे, जरा तिरकी. मंगळवारी प्रेशर १६ आणि १५ भरलं. पुढची तारीख ऑगस्टची, ती त्याने स्वतःच्या मोबाईलमध्ये लावलीय.

नव्या गावी बस्तान नीट बसलं असेल. या वेळी पेढ्यांचा अख्खा पुडा पाठवतोय.

आपला,
त्या पोराचा मामा