सुहास, नवा राऊटर इतक्यात घेऊ नकोस

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नवा राऊटर मागवला असशील तर ऑर्डर रद्द कर, नसशील मागवला तर थोडा थांब. मीटिंगमध्ये आवाज असाच तुटत राहिला तर दिवाळीनंतर पुण्यात पुन्हा खोली बघावी लागेल, असं तू काल म्हणालास. तेवढ्यात फोन कटला आणि पुन्हा लागेना. इतक्या वर्षांनी तू नाना-काकूंजवळ राहायला गेलायस, आणि निव्वळ वायफायपायी ते घर सोडावंस हे मला अजिबात पटत नाही. म्हणून बसून सगळं लिहितोय.

आधी बिघाड घरात आहे की घराबाहेर, एवढंच ठरवायचं. फोनवर वायफायच्या काड्या भरलेल्या दिसतात त्या फक्त फोन आणि राऊटर यांच्यामधल्या अंतराबद्दल बोलतात. बाहेर खांबावरून इंटरनेट आणणारी फायबरची वायर तुटलेली असली तरी काड्या पूर्णच दिसणार. त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही ठरवू नकोस.

तू बसतोस तिथेच लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघड आणि राऊटरला पिंग सतत चालू ठेव (पिंग म्हणजे छोटी हाक देऊन उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणं). राऊटरचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. शेजारी दुसरी खिडकी उघडून त्यात ८.८.८.८ ला पिंग लाव, हा बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. आता रोजची मीटिंग कर आणि आवाज तुटेल तेव्हा दोन्हींकडे बघ. राऊटरचं उत्तर एरवी काही मिलिसेकंदांत यायला हवं. तेच शेकड्यांत गेलं किंवा मधली उत्तरं गळाली, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. राऊटर नीट उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गप्प आहे, तर दोष बाहेरचा. तिथे दहा हजारांचा राऊटरही काही करू शकणार नाही. दोघंही उत्तर देतायत पण साइट उघडत नाहीत, असं झालं तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून पाहायचा. हे निदान फुकट आहे आणि दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा खात्रीचं आहे.

बाहेरचा दोष निघाला तर फायबरच्या डब्यावरचा एलओएस दिवा बघ. तो लाल झाला म्हणजे प्रकाश तुझ्यापर्यंत पोचतच नाही; कंपनीला फोन करण्याआधी डब्यामागची बारीक पिवळी वायर कपाटामागे दाबली तर गेली नाही ना, ते पाहा. काचेचा तंतू फार वळला की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. वायर सैल, मोठ्या वेटोळ्यात ठेव. कनेक्टर निघालाच तर त्याच्या टोकात डोळा लावून बघू नकोस, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. छोट्यालाही हे सांगून ठेव.

मला मात्र तुझ्याकडे एकाच वेळी दोन दुखणी असल्याचा संशय आहे. पावसात तुमच्याकडे लाइट सारखी लुकलुकते. दिवा नुसता मिचकतो, पंखा तर थांबतही नाही, पण राऊटर तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्याला सावरायला दोन-तीन मिनिटं लागतात. इन्व्हर्टर असला तरी लाइन बदलताना जो क्षण जातो तो काही राऊटरांना पुरतो. तुला वाटतं वायफाय गेलं. राऊटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की जे पान उघडतं त्यावर 'अपटाइम', म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे, ते लिहिलेलं असतं, ते संध्याकाळी बघ. सकाळपासून चालू असलेला राऊटर तिथे चाळीस मिनिटंच दाखवत असेल तर कारण सापडलं. राऊटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, अडॅप्टर आणि राऊटर यांच्या मधे लावायचा. व्होल्ट आणि अँपिअर अडॅप्टरवर छापलेले असतात, ते जुळवून घे. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांचीही सोय करावी लागेल.

आता भिंती. राऊटर ओटीवर मीटरच्या बोर्डाखाली, तू मागच्या खोलीत, आणि मधे जांभ्याच्या जाडजूड भिंती. त्यातून माजघरातलं लोखंडी कपाट नेमकं वाटेत उभं. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या: पाच गिगाहर्ट्झच्या लहरींचा वेग तुला ओटीवर सुरेख मिळतो, पण त्या अशा भिंतींत लवकर दमतात, २.४ गिगाहर्ट्झवाल्या त्यामानाने आत पोचतात, मात्र वेग कमी. पावसाळ्यात चिरा ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात चालत होतं ते जुलैत का चालेना, याचं हे एक कारण असू शकतं.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप घे आणि खोलीखोलीत फिरून सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघ. तो उणे असतो. उणे पन्नासच्या आसपास उत्तम, उणे सदुसष्टपर्यंत व्हिडिओ मीटिंग निभते, उणे ऐंशीला आशा सोडायची. दहाने आकडा घसरला की ताकद दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून साठ आणि सत्तरमधला फरक किरकोळ समजू नकोस. आणि मीटिंगच्या वेळी लॅपटॉपला लावलेली ती हार्डडिस्क काढून बघ. यूएसबी ३ च्या केबलमधून २.४ च्या आसपास गोंगाट पसरतो.

वायफायचं चॅनल, म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा, बदलायचा सल्ला तुला कुणीतरी दिलाय. तो आमच्यासारख्यांसाठी खरा. इथे सोसायटीत भिंतीला भिंत लागून घरं, फोन उघडला की शेजाऱ्यांची नावंच नावं, म्हणून १, ६, ११ यांपैकी जिथे गर्दी कमी ते चॅनल धरावं लागतं. तुझ्या वाडीत आसपास दोन-तीनच वायफाय असतील. त्यात वेळ घालवू नकोस.

रिपीटर तर मुळीच नको. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथे मुळातच सिग्नल क्षीण आहे तिथे तो लावला तर क्षीण सिग्नलच पुढे देणार. माझं ठाम मत आहे की जांभ्याच्या घरात तारेला पर्याय नाही. ओटीवरच्या राऊटरपासून तुझ्या खोलीपर्यंत कॅट ६ ची नेटवर्क केबल ओढायची. शंभर मीटरपर्यंत ती चालते, तुला तीसही लागणार नाहीत. मात्र निव्वळ तांब्याची माग. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते आणि पुढे त्रास देते. लॅपटॉप सरळ केबलला जोड. जोडल्यावर वेग शंभर एमबीपीएसच्या आसपास अडला तर टोकाचं क्रिम्पिंग, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवलेल्या तारा, तपास, आठ तारांपैकी एखादी नीट बसलेली नसते.

त्या खोलीत वायफायही हवं असेल तर तुझा जुना राऊटर फेकू नकोस. त्याचा डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद कर, पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा दे, आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) नव्हे, लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये लाव. नाव आणि पासवर्ड ओटीवरचेच ठेव म्हणजे फोन घरभर फिरला तरी आपोआप जोडला जाईल.

केबल घराच्या आतूनच ने, पडवीवरून किंवा झाडावरून अजिबात नको. तुमच्याकडच्या विजा मी पाहिल्यात. जवळ वीज पडली तर बाहेरच्या तांब्याच्या तारेतून झटका दोन्ही टोकांची यंत्रं जाळतो. गडगडायला लागलं की राऊटरचा अडॅप्टर बोर्डातून काढत जा, मीटिंग चालू असली तरी.

तोवर एक कर: कपाट थोडं बाजूला सरकव आणि राऊटर मीटरच्या खालून काढून माजघराच्या दारावर, उंच ठेव. वायर पुरेल. दोन्ही पिंगचे फोटो आणि अपटाइम मला पाठव, रात्री बघून कळवतो. गणपतीला येतोच आहे, केबल आणि क्रिम्पिंगची पक्कड इथून आणतो. भिंतीत भोक कुठून पाडायचं ते नानांना विचारून ठेव. त्या घराच्या भिंती त्यांना जास्त ठाऊक.

काकूंना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद